एक मिनिट पस्तीस सेकंद

घड्याळाला आज सोळाव्या दिवशी मी चावी दिली. तुम्ही होता तोवर हे काम तुमचं असे. सकाळी तोंड धुतलं की न्याहारीच्या आधी चौदा पीळ, मोजून, आणि मग घड्याळ बंडीच्या खिशात. तुम्ही गेलात त्या दिवशी कुणाला ते सुचलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी कधीतरी ते आपलं आपण थांबलं. मी तसंच कोनाड्यात ठेवून दिलं होतं. आज विमलचं पत्र आलं. ते वाचून झाल्यावर मी उठले आणि चौदा पीळ दिले. सेकंदाचा लहान काटा त्याच्या लहान वर्तुळात फिरू लागला, तशी मी सवयीनं डावीकडं वळून म्हणाले, "चाललं बघा."

तुमचा डावा कान गेल्यापासून मी घरात, रस्त्यात, देवळात तुमच्या उजव्या हातालाच राहिले. तुमचा उजवा कान म्हणजे माझी डावी बाजू. माझी मान आता त्याच बाजूला वळते. माणूस गेलं हे मानेला कळायला किती दिवस लागतात, कोण जाणे.

विमलनं काय लिहिलंय ते आधी सांगते. आपली नात हैदराबादेत मुलींच्या शाळेवर शिकवते याचं तुम्हाला केवढं कौतुक होतं. ती लिहिते, "आजी, परवा वर्गात मिनिटांचे सेकंद करायला शिकवत होते. मुली सारख्या चुकत होत्या. मग मी त्यांना आजोबांची गोष्ट सांगितली. आमच्या आजोबांनी मिनिटाचे शंभर सेकंद धरले आणि सुरुंगात कान गमावला. मुली खूप हसल्या, पण आता एकीचंही गणित चुकत नाही. आजोबांना बरं वाटलं असतं ना?"

तुम्हाला बरंच वाटलं असतं, तीच माझी अडचण आहे. ही गोष्ट तुम्हीच तिला सांगितलीत. दर सुट्टीत ती आणि मुंबईचा आपला नातू शरद आले की सांगायचात, अंगणात खाटेवर बसून, कानाला हात लावून. मी तिथंच भाजी निवडत बसलेली असायची. गोष्ट खोटी आहे हे मला ठाऊक होतं, आणि मी भाजी निवडत राहायची.

आज खरं काय ते मुलांना लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. "चिरंजीव विमल आणि शरद यांस" इतकं लिहून हात थांबतो. म्हणून तुम्हालाच लिहिते. याच्या दोन प्रती करून एक हैदराबादला आणि एक मुंबईला पाठवीन. मुलं वाचतील. मला फक्त त्यांच्या तोंडाकडं बघत सांगायचं नाही.

मुलांना ठाऊक नसेल, म्हणून थोडं मागून सुरू करते. नगरच्या मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकून मी आष्टीकडच्या या गावात सून म्हणून आले, तेव्हा सासूबाईंना माझ्या पुस्तकांची भीती वाटली नाही, या घड्याळाची वाटली. माझ्या वडिलांनी ते मला दिलं होतं. सासूबाईंनी ते कानाशी धरलं आणि दचकून लांब केलं.

"ह्याच्या पोटात कायतरी चालतंय गं. मी निजल्यावर बी चालतं का?"

"चालतं."

"मंग माझ्या उशाशी नको बाई ते."

तुम्ही मात्र ते हातात घेऊन त्या लहान काट्याकडं किती तरी वेळ बघत बसलात. शेती भावांवर सोपवून तुम्ही विहिरींना सुरुंग लावायचं काम धरलं होतं. आपल्याकडची जमीन वरून मऊ, आणि खाली गेलं की काळा पाषाण. पहारीतून ठिणगी उडायला लागली की लोक तुम्हाला बोलावणं धाडायचे. पाषाणाला भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, वात जोडायची, ती पेटवून दोराच्या शिडीनं वर यायचं आणि मातीच्या ढिगाऱ्याआड बसायचं. चकलांब्यापासून युसूफ वडगावापर्यंत किती विहिरींना तुमच्या हातानं पाणी लागलं, ते मी वहीत लिहून ठेवलंय. पण तोवर वात किती लांब कापायची, ते तुम्ही अंदाजानं ठरवत होता. मी ते ऐकलं आणि भरलं ताट बाजूला सारलं.

"मी मोजून देईन," मी म्हणाले. "दोन हात वात किती वेळ जळते ते घड्याळावर बघू. मग तुम्हाला किती वेळ हवा ते सांगा."

"मिनिटं सांगू नको. खाली घड्याळ बघायला कोण थांबतंय? मला मोजता येईल असं सांग. ही टिकटिक मोजता येती."

"ते सेकंद. एका मिनिटाचे साठ. मिनिटांना साठानं गुणायचं आणि वरचे सेकंद मिळवायचे."

"साठ?" तुम्ही हसलात. "मंग हे आपल्यातलंच हाय की. घटकेची पळं साठ, मिनिटाची टिकटिक साठ. तुमच्या साहेबानं आपल्या पंचांगातनं उचललेलं दिसतंय."

मुलांनो, ही ओळ नीट वाचा. पंचांगातली घटका आणि पळं ज्या माणसाच्या तोंडपाठ होती, तो मिनिटाचे शंभर सेकंद कसे धरील? तुमच्या आजोबांना साठ सांगावं लागलं ते एकदाच. पुन्हा कधी विचारलं नाही.

मग महिनाभर तुम्ही अंगणात येरझाऱ्या घालत मोजायचात. मी घड्याळ धरून बसायची. आधी तुमचे साठ माझ्या अठ्ठेचाळीसातच संपायचे. हळूहळू पन्नास झाले, पंचावन्न झाले, आणि एक दिवस तुम्ही "साठ" म्हणालात तेव्हा काटा बरोबर वर होता. त्यानंतर तुम्ही सगळंच मोजायला लागलात. तुळशीपासून हौदापर्यंत अकरा. भाकरी फुगायला बावीस. मी रागावले की बोलेपर्यंत किती, तेही मोजायचात आणि मला सांगायचात. परवा भाकरी तव्यावर टाकली आणि मी मनात मोजायला लागले. बावीसला फुगली. कुणाला सांगणार?

आपली पद्धत ठरून गेली. नव्या वातीचा गुंडाळा आला की त्यातून दोन हात तुकडा कापायचा, अंगणात सरळ पसरायचा, तुम्ही एका टोकाला काडी लावायची आणि मी घड्याळ बघायचं. वही माझी. दव, ऊन, जुनी वात, नवी वात, प्रत्येकीची नोंद. पानांना नंबर. नोंद झाली की मी सेकंद करून मोठ्यानं आकडा सांगायची, तुम्ही तो मोठ्यानं परत म्हणायचात, आणि मगच तो पाटीवर चढायचा. पाटी तुमच्याबरोबर विहिरीवर जायची. मी "सत्त्याण्णव" म्हणायची, तुम्ही "सत्त्याण्णव" म्हणायचात. दोघांच्या तोंडून गेल्याशिवाय आकडा घराबाहेर पडायचा नाही. त्यात एक सुख होतं. नवरा-बायकोनं सासूसमोर मोठ्यानं बोलायचं नाही असे ते दिवस, आणि आपण दोघं मात्र अंगणात उभं राहून एकमेकांना आकडे ओरडून सांगत होतो, आणि कुणाला काही म्हणता येत नव्हतं.

मग चावडीमागच्या विहिरीचं काम निघालं. आपल्याच गावात, घरापासून हाकेच्या अंतरावर. मी म्हणाले, मला यायचंय. मी काढलेल्या आकड्यावर काय होतं, ते मला एकदा डोळ्यांनी बघू द्या. तुम्ही नाही म्हणालात. पाणी लागायच्या आधी बाईनं नव्या विहिरीच्या तोंडाशी जायचं नाही, असं गाव मानत होतं.

"आकडा माझा चालतो आणि मी चालत नाही?"

"आकडा घरात बसून निघतोय नं? मंग कावून येतीस?"

"तुम्ही हे मानता?"

"मी न्हाई मानत. गाव मानतं. आन् काम गावाचं हाय."

ते मला जास्त लागलं. तुम्ही मानत असता तर भांडता तरी आलं असतं. मी बोलणं बंद केलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी नवी वात आली. तुम्ही तुकडा कापला, पसरला, काडी लावली. मी घड्याळ बघितलं. एक मिनिट पस्तीस सेकंद. वहीत लिहिलं, १-३५. मग पाटी घेतली. डोक्यात आकडा नव्हता, तुम्हाला सुनावायचं एक वाक्य होतं, ते मी चांगलं घोळवत होते. एक लिहिला आणि त्याच्यापुढं पस्तीस लिहिले. साठानं गुणलं नाही, मिळवलं नाही, नुसते अंक शेजारी शेजारी ठेवले. एकशेपस्तीस. पाटी उंबऱ्यावर ठेवून मी आत वळले.

"किती?" तुम्ही विचारलंत.

"लिहिलंय."

तुम्ही जरा वेळ थांबलात. माझ्या तोंडून आकडा येण्याची वाट बघत असाल. मी पाठ फिरवून परातीत पीठ काढत होते. मग पाटी उचलल्याचा आवाज आला.

पंच्याण्णव. साठ आणि पस्तीस पंच्याण्णव. नगरच्या शाळेत मला या गणितासाठी शाबासकी मिळाली होती. काडी लावायची, शिडी चढायची आणि ढिगाऱ्याआड पोचायचं याला तुम्हाला एकशेवीस मोजावे लागायचे. पाटीवरच्या आकड्यानं दोन हात वात पुरत होती, वर पंधरा उरत होते. खऱ्या आकड्यानं पंचवीस कमी पडत होते.

धडाका झाला तेव्हा तव्यावर भाकरी होती. मी ती उलटली. काम झालं, असं वाटलं मला. मग ओरडा ऐकू आला.

तुम्हाला खाटेवर घालून आणलं. डाव्या बाजूनं रक्त, डोक्यात माती, आणि तुम्ही मोठमोठ्यानं बोलत होता, कारण तुमचा आवाज तुम्हालाच ऐकू येत नव्हता. "काय न्हाई झालं, काय न्हाई झालं," असं ओरडत होता. सासूबाई रडत होत्या, आणि तुम्ही त्यांना ओरडूनच गप्प करत होता. दुपारी वैद्य येऊन गेले, तुम्हाला झोप लागली आणि मी सवयीनं वही उघडली. १-३५. तेव्हा मला दिसलं. मी पाटी शोधली. ती शिडीच्या दोराबरोबर परत आली होती, कोरी. मातीत पुसली गेली असेल, असं मी धरलं. मग मी वहीतलं ते पान फाडलं आणि चुलीत घातलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मुलांनो, ती वही अजून माझ्या पेटीत आहे. बावीसनंतर चोवीस नंबरचं पान येतं. तेवीस नाही. मी इतकी नीटनेटकी, की जाळतानाही पुढच्या पानांचे नंबर बदलले नाहीत.

आठवड्यानं तहसिलीतून कारकून चौकशीला आला. सुरुंगाच्या दारूचा परवाना तुमच्या नावावर, तेव्हा जबाब तुमचा. मी दाराआड उभी होते. कचेरीची भाषा उर्दू, त्यानं काय विचारलं ते मला कळलं नाही, पण तुम्ही मराठीत सांगितलंत ते कळलं. "हिसाब माझा चुकला. मिनिटाचे शंभर धरले." कारकून हसला. लिहून घेतलं. वर्षभर परवाना बंद झाला.

मला वाटलं, बायकोचं नाव कचेरीत जाऊ नये म्हणून म्हणाला असाल. मग वाटलं, यांना खरंच असं वाटतंय का, की पाटी वाचताना आपलीच काही चूक झाली? एकदा धीर करून मी विचारलं, "त्या दिवशी वर येताना मोजत होता ना? किती झाले होते?" तुम्ही उजवा कान माझ्याकडं केलात, प्रश्न पुन्हा ऐकलात आणि म्हणालात, "इसरलो." तुळशीपासून हौदापर्यंतचे अकरा जन्मभर लक्षात ठेवणारा माणूस तो आकडा विसरला. मला पुढं विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. इसरलो म्हणालात याचा मला आधार वाटला, हे आज कबूल करते.

तरी मी सांगितलं तुम्हाला. तीनदा. दुपारी जेवून तुम्ही उजव्या कुशीवर झोपायचात, चांगला कान उशीत. मी पायाशी बसायची, आणि मग पुढं सरकून डाव्या कानाशी म्हणायची, "चूक माझी होती. मी साठानं गुणलं नव्हतं." हळू नाही, चांगलं स्पष्ट. बहिऱ्या कानात धीट व्हायला काय लागतं? एकदा तुमची पापणी हलली. मी उठून अंगणात गेले आणि वाळवण उलटत बसले.

परवाना परत मिळाला त्या दिवशी तुम्ही काय केलंत ते आठवतंय? पाटी धुऊन माझ्यापुढं ठेवलीत.

"चल."

"कुठं?"

"चकलांब्याला. विहिरीवर."

"लोक काय म्हणतील?"

"मी बहिरा हाय म्हणून सांगन. वर मोजणारं कुणी नको का?"

आणि खरंच तसं सांगितलंत. चकलांब्याचे म्हातारे कुरकुरले तर म्हणालात, "मला ऐकू येत न्हाई, हिला घड्याळ कळतं. तुमच्यातल्या कुणाला कळत आसंल तर तेनं यावं." कुणी आलं नाही. ढिगाऱ्यामागच्या एका दगडावर छत्री घेऊन मी बसले. मी आकडा सांगितला, तुम्ही कान पुढं करून घेतला आणि परत म्हणालात. मी सांगितली तेवढी वात मोजलीत. आणि कापण्याआधी आपली चार बोटं तिच्यावर आडवी ठेवून तेवढी आणखी घेतलीत.

"हे काय? माझा हिशेब चुकलाय का?"

"हिशेब बराबर हाय. चार बोटं माझी."

त्यावरून आपण जन्मभर भांडलो. एकाही विहिरीवर ती चार बोटं सुटली नाहीत. मी हिशेब करून दाखवला. दोन हातांची अठ्ठेचाळीस बोटं, बोटाला साधारण दोन सेकंद, तेव्हा चार बोटं म्हणजे आठ सेकंद. जादा वेळ मी आधीच धरलाय, मग हे आठ कशाला?

"आठात काय होतं?" मी विचारायची.

"आठात माणूस एकदा मान वळवून बघतो."

"पेटलेल्या वातीकडं पाठ करून पळायचं सोडून मान वळवून कावून बघायचं?" रागात मीही तुमच्यासारखीच बोलायची.

"तू कुठं बसलीस ते."

चांदभाई दोर आवळता आवळता हसायचा. तुमच्याबरोबर पहिल्या विहिरीपासून असलेला माणूस. त्याच्यासमोर असं बोललात म्हणून मी आणखीच रागवायची. पण मला मनातून वाटायचं, ही चार बोटं म्हणजे अविश्वास आहे. यांनी मला विहिरीवर आणलं, पाटी दिली, पण माझ्या आकड्याला ते ठिगळ लावतात. म्हणजे यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी वाटायचं, ठाऊक असतं तर पाटी माझ्या हातात दिली असती का? अशी वर्षं गेली. तुम्ही समोर होता, बोलत होता, जेवत होता, आणि एक प्रश्न विचारायचा राहत होता.

मग मुलं आली, नातवंडं आली आणि तुम्ही ती गोष्ट सांगायला लागलात. "मी शंभर धरले, तुमी साठच धरा." शरद विचारायचा, "आजोबा, तुम्हाला एवढंही येत नव्हतं?" तुम्ही म्हणायचात, "न्हाई रे. आजीला इचार, मी लई ढ होतो." आणि माझ्याकडं बघायचात. त्या बघण्यात थट्टा असायची. दुसरं काही असायचं का, ते मी शोधायची, आणि तेवढ्यात तुम्ही दुसरीकडं बघायचात.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी दिवसातून दोनदा नाडी मोजून लिहून ठेवायला सांगितलं होतं. मी एका हातात घड्याळ आणि एका हातात तुमचं मनगट धरून बसायची. काटा एक फेरा पुरा करायचा तोवर किती ठोके. तुम्ही विचारायचात, "किती?" मी खरा आकडा सांगायची. शेवटच्या दिवशी सकाळी मधले ठोके सापडत नव्हते. मी पूर्ण मिनिट मोजलं. तुम्ही विचारलंत, "किती?" आणि मी जन्मात पहिल्यांदा आकडा वाढवून सांगितला.

तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "चार बोटं धरलीस का?"

मी उजव्या कानाशी वाकले. तीनदा बहिऱ्या कानात बोललेलं आता चांगल्या कानात सांगायचं, असं ठरवूनच वाकले होते. तोंडातून निघालं, "थोडं दूध घेता का?" तुम्ही मान हलवलीत. मी दूध आणायला उठले. दूध आणेपर्यंत तुम्ही झोपला होता, आणि त्या झोपेतून उठला नाहीत.

तेराव्याला चांदभाई आला. आता त्याला काठी लागते. पंगत उठल्यावर ओसरीवर बसला. मी पाणी दिलं, ते हातात धरून म्हणाला, "वैनी, अण्णा गेले. आता एक सांगतो. त्यांनी सांगू नको म्हनलं हुतं, म्हनून इतकी वर्सं बोललो न्हाई."

मी खाली बसले.

"चावडीमागच्या हिरीवर उडालं नं, तवा मी पयला पोचलो. अण्णा पडलेले, कानातनं रगत. मी उचलाया गेलो तर मला ढकललं. सरपटत शिडीपाशी गेले, पाटी काढली, आन् बाहीनं पुसली. चांगली घासून पुसली. मी म्हनलं, अण्णा, जिवाची पडली हाय का पाटीची? तर म्हनले, हे घरात सांगायचं न्हाई. मला वाटलं, डोस्क्याला मार लागलाय."

पाटी मातीत पुसली गेली नव्हती. मी विचारलं, "चांदभाई, वर येताना ते मोजत होते. तुम्हाला ऐकू येत होतं?"

"येत हुतं की. मोट्यानं मोजायचे, मला कळावं म्हनून."

"कितीवर उडालं?"

"पंच्याण्णव. त्यांनी पंच्याण्णव म्हनलं आन् आभाळ फाटलं. अल्लाकसम, मी कसा इसरन?"

म्हणजे खाटेवर घालून आणत होते तेव्हाच तुम्हाला ठाऊक होतं. पंच्याण्णव म्हणालात आणि उडालं. पाटीवर एकशेपस्तीस. पंच्याण्णवात साठ आणि वर पस्तीस, एवढा हिशेब तुम्हाला कान फुटलेल्या अवस्थेतही जमला. मी जे गणित घरात, पिठाच्या परातीपाशी, धडधाकट असताना केलं नाही, ते तुम्ही मातीत पडल्या पडल्या केलंत, आणि मग बाहीनं पुसलंत.

मला तुमचा राग आला. तेराव्याच्या दिवशी, चांदभाईसमोर. इतकी वर्षं तुम्हाला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं, आणि आपण एका ताटलीतल्या शेंगा खात होतो. मला माफ केलंत, पण माफी मागू दिली नाहीत. मी डाव्या कानाशी बोलले तेव्हा तुमची पापणी का हलली होती? तुम्हाला श्वास लागला असेल कानाला. मी काय म्हणते आहे ते कळलं असेल. एकदा उलट्या कुशीवर झोपला असता तर काय बिघडलं असतं?

राग दोन दिवस टिकला. मग मला तुम्ही विहिरीच्या तोंडावर आलेले दिसायला लागलात. एक हात शिडीवर, तोंडात आकडा, आणि मान ढिगाऱ्याकडं. मी दगडावर छत्री घेऊन बसलेली. तुम्ही बघायचात, आणि मग पळायचात. माझ्या आकड्यावर भरवसा नव्हता म्हणून ती चार बोटं नव्हती. माझा आकडा पुन्हा कधी चुकला, तर तो चुकला हे मला कधी कळू नये, म्हणून होती. असं मला आज वाटतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "लई इचार करू नको, मापताना वात बोटांतनं निसटती." म्हणाला असता तर किती बरं झालं असतं. मी भांडले असते.

विमल, उद्या वर्गात गेलीस की मुलींना सांग, गोष्टीत एक चूक होती. आजोबांना साठ येत होते. आजीनं एक मिनिट पस्तीस सेकंदांचे एकशेपस्तीस लिहिले, कारण ती रुसली होती आणि तिनं आकडा मोठ्यानं म्हटला नाही. मुली हसल्या तर हसू दे. आता हसायचं ते मला. शरद, तू आजोबांना ढ म्हणायचास, ते त्यांनी तुला म्हणू दिलं. मीही म्हणू दिलं. तू लहान होतास, मी नव्हते.

बाकी काही राहिलं नाही. वहीत तेवीस नंबरचं पान नाही, त्याच्या जागी यातलाच एक कागद चिकटवीन. त्यावर इतकंच लिहिते: दोन हात वात, एक मिनिट पस्तीस सेकंद, म्हणजे पंच्याण्णव सेकंद. मोठ्यानं म्हणून मग लिहिलं. अंगणात कुणी परत म्हटलं नाही, तरी मी तेवढा वेळ थांबले.

तुम्ही नेहमी म्हणायचात की मी कागद काठोकाठ भरते, वाचणाऱ्याला बोट टेकायलाही जागा ठेवत नाही. कागद वाया जातो, असं मी म्हणायची. आज इथं थांबते. अजून लिहिण्यासारखं पुष्कळ आहे आणि खाली जागाही आहे. मी हात आडवा ठेवून मोजली. चार बोटं आहे. ती कोरी सोडते.